शेवटचे पाच मीटर

बू कुस्वारिनींना, म्हणजे कुस्वारिनी बाईंना, रडणारी माणसं चालत नसत. रडण्यात वेळ जातो आणि वर नाक गळतं, हे त्यांचं मत. त्यामुळे सप्टेंबरमधल्या त्या सोमवारी वेनिंग त्यांच्या टेबलासमोर उभी राहून मुसमुसायला लागली, तेव्हा त्यांनी खणातून घामाचा टॉवेल काढून तिच्या हातात कोंबला.

"पूस. आणि आकडे वाच. मोठ्यानं."

"तीस मीटर धावणं," वेनिंगनं वाचलं. "जुलैमध्ये वर्गाची सरासरी सात पॉइंट चार सेकंद."

"आणि आता?"

"आठ पॉइंट एक."

"म्हणजे दहा आठवडे राबून तू पोरांना हळू पळायला शिकवलंस. शाबास. चेंडू फेकणं?"

"नऊ मीटरचे सहा झालेत, बू."

"अजून दहा आठवडे दिले असते तर पोरांनी चेंडू चालत आणून हातात दिला असता."

"दोघांनी दिलाच," वेनिंग टॉवेलमधून म्हणाली.

बू कुसना हसू आलं. ते त्यांनी खोकल्यात घालवलं.

हसण्यासारखं काही नव्हतंच. तेमांग्गुंगच्या त्या लहानशा अध्यापक विद्यालयाचा नियम साधा होता. शिकाऊ शिक्षिकेनं खेड्यातला एक वर्ग दहा आठवडे सांभाळायचा आणि सुरुवातीला व शेवटी मुलांच्या पाच चाचण्या घ्यायच्या: धावणं, लंगडी, फेकणं, उडी, तोल. पाचांपैकी तिहींत वर्ग पुढे गेला तर पास, नाहीतर वर्ष पुन्हा. वेनिंगचा वर्ग फक्त उडी आणि तोल यांत पुढे होता. तिच्या स्वतःच्या गावच्या शाळेनं जानेवारीपर्यंत तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती आणि त्या जागेवर दोघंजण आधीपासून डोळा लावून बसले होते. वर्ष गेलं की जागा गेली, एवढं हे सरळ होतं.

बू कुसना मात्र भलतंच काही खटकत होतं. उडी सुधारली, म्हणजे पायांत जोर आला. मग धावताना तो जोर जातो कुठे? शिवाय ही मुलगी वर्गातली सगळ्यात चांगली. एकोणीस वर्षांत त्यांनी कधी चांगली-वाईट अशी वाटणी केली नव्हती असं त्या म्हणत. ते खोटं होतं. सगळेच शिक्षक करतात.

"उद्या सकाळी मी येते," त्या म्हणाल्या. "तुझ्या शाळेत. कुणाला सांगू नकोस, नाहीतर हेडमास्तर भजी तळायला बसतील."

बू कुस एकोणसाठ वर्षांच्या होत्या. उंची बेताची, खांदे रुंद, चाल अशी की बरोबरच्याला धाप लागावी. सुंबिंग डोंगराच्या उतारावर, तंबाखूच्या पानांत त्या वाढल्या. मुलीनं पळू नये, पळणाऱ्या मुलीचं नेसूचं सुटतं आणि अब्रूही, असं त्यांची आई म्हणायची. म्हणून बाराव्या वर्षापर्यंत त्या छोटी छोटी पावलं टाकत चालल्या. मग गावच्या व्हॉलीबॉल संघाला एक मुलगी कमी पडली आणि उंच नसतानाही कुणीतरी त्यांना जाळ्यापाशी ढकललं. पहिल्याच दिवशी त्या उडी मारून तोंडावर आपटल्या. उठल्या तेव्हा ओठ फुटलेला होता आणि हसू कानापर्यंत पोचलं होतं. आपल्याला पडता येत नाही, कारण आपल्याला कधी कुणी पडू दिलं नाही, हे त्यांच्या त्या दिवशी ध्यानात आलं.

पुढे जोगजा शहरात जाऊन त्यांनी खेळशिक्षणाची पदवी घेतली. परत येऊन, आधी शाळेत आणि मग विद्यालयात, त्या जे शिकवू लागल्या त्याला कागदोपत्री भलंमोठं नाव होतं. त्या स्वतः 'अंगाची मुळाक्षरं' म्हणत. मुलाला जशी अक्षरं ओळखता यावीत तसं आपलं अंगही ओळखता यावं, कुठे झुकलं की पडतो, कुठे वळलं की वाचतो, आणि ते शिकवायचं तर आधी शिकवणाराला यायला हवं. म्हणून त्यांच्या तासाला विशी ओलांडलेली, ओठ रंगवलेली मुलं-मुली गवतावर कोलांट्या मारत, डोळे मिटून एका पायावर उभी राहत आणि एकमेकांना शिव्या घालत. "खेळाडू घडवणारे पुष्कळ आहेत," त्या सांगत. "मला असा मास्तर हवाय की ज्याच्या वर्गातलं जाडं पोरगंसुद्धा सुट्टी झाल्यावर भिंतीला टेकून उभं राहणार नाही."

नवरा, पाक दार्तो म्हणजे दार्तोराव, पोस्टातून निवृत्त झालेला. तो जन्मात कधी पळाला नव्हता. होले पाळायचा आणि त्यांच्या घुमण्यावरून त्यांची जात सांगायचा. दोघांचं उत्तम चाललं होतं.

मंगळवारी सकाळी मोटारसायकलवरून बू कुस वेनिंगच्या वर्गाच्या गावी, करांगलुहुरला, पोचल्या तेव्हा रस्त्याच्या दोन्ही कडांना बांबूच्या तट्ट्यांवर चिरलेली तंबाखू वाळत पडली होती आणि सगळ्या गावाला तिचा गोडसर उग्र वास येत होता. शाळेचं अंगण म्हणजे भिंत आणि पाण्याची टाकी यांच्या मधली लांबट, अरुंद पट्टी. हेडमास्तरांना कुणीतरी सांगितलंच होतं. भजी तयार होती.

भजी खात खात त्यांनी वेनिंगचा तास पाहिला आणि दुसऱ्या भज्याला त्यांचा हात तोंडापाशीच थांबला.

वेनिंग शिट्टी वाजवत नव्हती. ती प्रश्न विचारत होती. "सगळ्यात कमी आवाज करून उडी कुणाला मारता येते?" तेवीस पोरं हवेत उडाली आणि मांजरासारखी उतरली. "आता एका पायावर थांबायचं, पण शेजाऱ्यापेक्षा वेगळ्या तऱ्हेनं." एकानं पाय मागे धरला, एकानं पुढे, गेंडिस नावाची आठ वर्षांची चिमुरडी पाय मानेवर ठेवायला निघाली आणि कोसळली, आणि कोसळताना तिनं खांदा आत घेतला. खांदा आत घेतला! हे तिला शिकवलेलं होतं.

"ही पोरं हळू पळतात?" बू कुसनी विचारलं.

"बघाच तुम्ही," वेनिंग म्हणाली आणि शेवटच्या रेषेवर घड्याळ घेऊन उभी राहिली.

पोरं पळाली. आठ पॉइंट शून्य. आठ पॉइंट दोन.

आता बू कुसना चैन पडेना. त्यांनी घड्याळ बदललं. तेच. पर्समधून फीत काढून अंगण मोजलं. बरोबर तीस. अंगणाला चढ आहे का म्हणून बाटलीतलं पाणी ओतून पाहिलं, पाणी जागच्या जागी मुरलं आणि पोरं खदाखदा हसली. बूट काढायला लावले. अनवाणी तर आणखी हळू, कारण वाळू बोचते म्हणून तक्रारी सुरू झाल्या.

"सकाळी काय खाल्लं होतं?"

"भात!"

"आणि?"

"भातच!" असं सगळा वर्ग ओरडला.

"तू सरक बाजूला," त्या वेनिंगला म्हणाल्या. "रेषेवर मी उभी राहते. तू तिकडून सोड पोरांना."

एकेक पोर येऊ लागलं. आठ पॉइंट सहा. आठ पॉइंट नऊ. बू कुसच्या भुवया जवळ यायला लागल्या. मग गेंडिस सुटली. वेण्या मागे, गुडघे छातीपर्यंत, नुसती बंदुकीची गोळी. बू कुसची नजर घड्याळावर होती. पावलांचा आवाज जवळ आला, मंदावला, थांबला. त्यांच्या उजव्या हाताला काहीतरी ऊबदार लागलं. गेंडिसनं त्यांचा हात धरून कपाळाला लावला, कंबरेत वाकली, उजवा हात जमिनीकडे सोडला, "पुढून जाते हं" असं पुटपुटली आणि सावकाश, अदबीनं रेषा ओलांडून गेली. पलीकडे पोचल्यावर पुन्हा उधळली.

अकरा पॉइंट दोन.

बू कुसनी आकडा लिहिलासुद्धा. मग पेन्सिल थांबली.

"गेंडिस, इकडे ये. थांबलीस का गं तू?"

"मी कुठे थांबले? पळालेच की."

"मग हात कशाला धरलास माझा?"

पोरगी गोंधळली. तिनं मदतीसाठी वेनिंगकडे पाहिलं. "तुम्हीच तर पुढे केलात, म्बाह," ती म्हणाली.

म्बाह. आजी. एरवी बू कुसना हे लागलं असतं, कारण केस त्या दर महिन्याला काळे करत. आत्ता त्यांना ते ऐकूच आलं नाही. त्या आपल्या उजव्या हाताकडे बघत होत्या. खरंच, हात कुणी पुढे केला होता? घड्याळ त्यांनी डाव्या हातात घेतलं होतं, का, तर उजवा मोकळा असावा म्हणून. पोर जवळ आलं की हात आपोआप पुढे जातो. कित्येक वर्षं जातोय.

"बरं. पण वाकलीस कशाला?"

"मोठ्या माणसाच्या पुढून धावत कसं जायचं?" गेंडिसनं विचारलं. या बाईला एवढंही कळत नाही याचं तिला मनापासून आश्चर्य वाटत होतं.

"आणि चेंडू? चेंडू का नाही जोरात फेकत?"

"कुणाकडे?"

"बू वेनिंगकडे. त्या समोर उभ्या असतात ना."

गेंडिसनं तोंडावर हात ठेवला. बू गुरूंना, आपल्या बाईंना, चेंडू फेकून मारायचा! मागच्या ओळीतल्या पोरांना हसू आवरेना.

यानंतर जे झालं त्याला दहा मिनिटं लागली. तंबाखूच्या तट्ट्यांखालचे दोन बांबू आणून रेषेवर रोवले. बू कुस आणि वेनिंग दोघी पोरांच्या पाठीमागे, सुरुवातीच्या रेषेवर जाऊन उभ्या राहिल्या. पुढे फक्त बांबू, भिंत आणि एक कोंबडी.

सहा पॉइंट तीन. सहा पॉइंट पाच. गेंडिस पाच पॉइंट नऊ, आणि कोंबडीचा जीव थोडक्यात वाचला. चेंडू बांबूच्या दिशेनं फेकायला सांगितला तर तिसराच पंधरा मीटरांपलीकडे गेला. लंगडीची रेषाही तीच होती, तिचेही सेकंद उतरले.

"बू!" वेनिंग नाचायला लागली. "बू, म्हणजे मी..."

"गप्प बस जरा," बू कुस म्हणाल्या. "जुलैत तू आलीस तेव्हा काय घातलं होतंस?"

"ट्रॅक पँट. आणि टोपी. पोरं मला ताई म्हणायची."

"आणि बू गुरू कधीपासून म्हणायला लागली?"

वेनिंगनं आठवून पाहिलं. "महिन्याभरानं असेल."

बू कुस टाकीच्या कट्ट्यावर बसल्या. म्हणजे जुलैत पोरं एका टोपीवाल्या ताईपुढून सुसाट पळाली होती, आणि सप्टेंबरात त्यांची बू गुरू रेषेवर उभी होती. जितका मान वाढला तितके सेकंद वाढले. जिला पोरं जुमानत नाहीत तिच्या वर्गाचे आकडे झकास, आणि जिच्यावर जीव टाकतात तिचे गाळात. विद्यापीठाच्या मूळ चाचणीत रेषेवर दोन खांब होते. खेड्यात खांब कुठले, म्हणून 'खांब नसल्यास शिक्षिकेने रेषेवर उभे राहावे' हे वाक्य एकोणीस वर्षांपूर्वी घालणारी व्यक्ती या क्षणी टाकीच्या कट्ट्यावर बसली होती. आणि कुणाला दिसलं नाही, कारण वाकून जाणं हे दिसण्यासारखं काही नाहीच. श्वास घेताना कुणी कुणाकडे बघतं का?

विद्यालयाचे प्राचार्य पाक हार्योको हे गुळगुळीत, सावध गृहस्थ. आवाज कधी चढायचा नाही आणि निर्णय कधी व्हायचा नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहाच्या कपावर झाकण ठेवलं.

"मजेशीर आहे," ते म्हणाले. "पुढच्या वर्षीपासून खांब लावू या."

"आणि वेनिंग?"

"बू, तिची चाचणी नियमाप्रमाणे झाली आहे. सगळ्यांना एकच माप लावायला नको का?"

"माप वाकडं असेल तर?"

"आज वाकडं म्हणालात तर काल सरळ होतं असं म्हणता येईल का? एकोणीस वर्षांचे निकाल आहेत. नापास झालेलेही असतील त्यात. एका मुलीच्या एका वर्षासाठी..." पुढचं त्यांनी हातानं सांगितलं.

बू कुस वाद घालण्यात पटाईत होत्या, पण या माणसाशी वाद म्हणजे उशीत ठोसे मारणं. त्या उठल्या. "दहा मिनिटं मैदानावर या. सावलीत उभं करते तुम्हाला."

मैदानावर व्हॉलीबॉलच्या संघातले सहा दांडगे विद्यार्थी होते. त्यांना कारण सांगितलं नाही. आधी मोकळे तीस मीटर पळवले. मग पाक हार्योकोंना रेषेवर उभं केलं आणि बाजूला बाकं लावून वाट अरुंद केली.

"जीव खाऊन पळायचं," बू कुस म्हणाल्या. "जो हळू पळेल त्याला पन्नास कोलांट्या."

सहाही जण जीव खाऊन पळाले. आणि सहाही जण शेवटच्या पाच मीटरांत, जणू कुणी दोरी ओढावी तसे, कंबरेत वाकले, उजवा हात खाली आला, पावलं आखूड झाली. "माफ करा, पाक." "पुढून जातो, पाक." सगळ्यात उंच पोरगा तर वाकता वाकता अडखळून बाकावर आपटला आणि तिथूनही माफी मागत राहिला.

"काय रे," बू कुस ओरडल्या, "तुला पळायला सांगितलं होतं ना?"

"पळालो की, बू!"

पाक हार्योको काही वेळ त्या पोराकडे पाहत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण प्रत्येकाला मान हलवून 'या, या' म्हटलेलं आहे. ते हसले. खरोखरचे, दात दिसेपर्यंत. बू कुसनी ते आठ वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

हसून झाल्यावर ते पुन्हा प्राचार्य झाले. "लेखी लागेल. चाचणीत दोष होता, केव्हापासून होता, कुणाच्या बदलामुळे आला. तुमच्या सहीनं. ते फाइलला लागेल आणि उद्या कुणी विचारलं तर मी तेच दाखवीन. मग त्या मुलीची फेरचाचणी घ्या."

"कागद द्या."

"घरी जाऊन विचार करा, बू. पुढच्या वर्षी निवृत्त होताय. समारंभ असतो, भाषणं असतात."

"भाषणं ऐकून मला झोप येते. कागद द्या."

शुक्रवारी दोन बांबूंच्या मधून फेरचाचणी झाली. पाहायला दुसऱ्या विद्यालयाची माणसं बोलावली होती. पाचांपैकी पाचांत वर्ग पुढे निघाला. वेनिंग पास झाली आणि अर्थातच रडली. या वेळी बू कुसनी टॉवेल दिला नाही, बाही वापर म्हणाल्या.

पण सही केलेल्या कागदावर 'एकोणीस वर्षांपासून' असं लिहिलेलं होतं, आणि ते अक्षर त्यांचं होतं. शनिवारी त्यांनी कार्यालयातून जुने गठ्ठे मागवले. शिपायानं ते धुळीसकट घरी आणून टाकले आणि पाक दार्तोचे होले शिंकल्यासारखे फडफडले. नापास झालेले बरेच होते. बहुतेकांच्या बाबतीत शंका नव्हती, ती मंडळी वर्गावर फिरकलीच नव्हती. पण अकराजणांचे कागद अगदी वेनिंगच्या कागदासारखे होते. उडी पुढे, तोल पुढे, बाकी तिन्ही मागे. त्यांतल्या चौघांनी पुन्हा वर्ष काढलं होतं. सात पुन्हा आले नव्हते.

"पत्र लिहा," पाक दार्तो म्हणाला. त्याची नोकरीच पोस्टातली.

"पत्रात माणूस शब्द सारखे करत बसतो," बू कुस म्हणाल्या आणि रविवारी सकाळी न्याहारी झाल्याबरोबर पहिला नंबर लावला.

सुप्राप्ती. पहिल्याच वर्षीची. आता शाळांचे गणवेश शिवायचं दुकान चालवत होती. मागे शिवणयंत्र चालल्याचा आवाज येत होता.

"बू कुस? अगं बाई! कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. ऐक. तुला मी नापास केलं होतं."

"ठाऊक आहे, बू. मी तिथेच होते."

"चुकून केलं."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. रेषा, खांब, ते एक वाक्य, वाकणारी पोरं. मध्ये कुठे थांबल्या नाहीत आणि स्वतःची बाजू मांडली नाही, कारण मांडायला बाजू नव्हती. सांगता सांगता शिवणयंत्र कधी थांबलं ते त्यांना कळलं नाही.

"किती होते माझे?" सुप्राप्तीनं विचारलं.

"सहा पॉइंट नऊचे आठ पॉइंट पाच."

"म्हणजे पोरं..."

"तुझ्यासमोर जवळजवळ थांबतच होती."

"पोरांची नावं आहेत का कागदावर?"

"आहेत."

"वाचा ना."

बू कुसनी चष्मा लावला आणि एकतीस नावं वाचली. एका नावाला सुप्राप्ती "हा चिडका" म्हणाली, एकाला "हिच्या नाकात सतत शेंबूड", आणि शेवटची सात-आठ नावं बू कुसच्या मागोमाग स्वतःच म्हणत गेली.

"मला तेव्हा वाटलं होतं, मला जमतच नाही," ती म्हणाली. "घरी सगळ्यांना तसंच सांगितलं. तुम्ही फोन केलात ते बरं केलंत की वाईट, ते आत्ता नाही सांगता येत मला. ठेवते."

"ठेव," बू कुस म्हणाल्या. "शिव्या घालायच्या असतील तर नंबर हाच आहे. मी उचलीन."

फोन बंद होण्याच्या आधी यंत्राचा एकच टाका पडल्याचा आवाज आला.

पाक दार्तो दारात उभा होता. त्यानं गरम चहा पुढे ठेवला. त्यांनी तो उभ्या उभ्या प्यायला आणि दुसरा नंबर लावला. तो बंद होता. तिसऱ्यांदा लावून पाहिला, तरी बंद. कागदाच्या कोपऱ्यात पत्ता होता, वोनोसोबोच्या वाटेवरचं एक गाव, चाळीस किलोमीटर, त्यातले निम्मे चढाचे.

"माझं हेल्मेट कुठे ठेवलंत?" बू कुसनी विचारलं.